काचेचा महाल बांधणारा माळी

विद्यार्थी मित्रांनो, काचेचा पेला हातातून निसटून फरशीवर पडला की काय होते, हे तुम्हांला सांगायला नको. घरात एकदम आरडाओरड होते. अनवाणी कोणी पुढे येऊ नका, असे आई बजावते. कोपऱ्यात लपलेला एखादा तुकडा चार दिवसांनीसुद्धा पायाला लागतो. ही झाली एका पेल्याची गोष्ट. आता अशी कल्पना करा, की एका मोठ्या इमारतीचे सगळे छप्परच काचेचे आहे. ते जमिनीपासून साठ फुटांहून उंच आहे. त्या छपरावर चढून कोणीतरी एकेक काच बसवायची आहे. वर गेलेल्या माणसाने पाय कोठे ठेवायचा? काच हातातून सुटली, तर खाली काम करणाऱ्यांचे काय? आणि मध्येच पाऊस आला तर?

सुमारे पावणेदोनशे वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये हे प्रश्न एका माणसासमोर उभे राहिले. तो इंजिनिअर नव्हता. वास्तुशास्त्राची कोणतीही परीक्षा त्याने दिली नव्हती. तो माळी होता. उर्दूत आपण ज्याला बागबान म्हणतो, तोच मराठीतला माळी. त्याचे नाव जोसेफ पॅक्स्टन.

जोसेफचा जन्म ३ ऑगस्ट १८०३ रोजी इंग्लंडमधील बेडफर्डशायर परगण्यात मिल्टन ब्रायन या लहानशा खेड्यात झाला. त्याचे कुटुंब शेतकरी होते. घरात भावंडे पुष्कळ आणि मिळकत थोडी. जोसेफ हा सातवा मुलगा. तो लहान असतानाच त्याचे वडील वारले. त्यामुळे शाळेत फार दिवस काढणे त्याच्या नशिबी नव्हते. पंधराव्या वर्षाच्या सुमारास तो जवळच्या एका जमीनदाराच्या बागेत मदतनीस म्हणून कामाला लागला. माती खणणे, कुंड्या धुणे, रोपांना पाणी घालणे ही त्याची कामे. ती करता करता तो झाडांची नावे आणि त्यांच्या सवयी शिकत गेला.

१८२३ मध्ये तो लंडनजवळच्या चिझिक येथील उद्यान संस्थेच्या बागेत नोकरीला लागला. अर्जात त्याने आपले जन्मवर्ष १८०१ असे लिहिले होते. म्हणजे वय दोन वर्षांनी वाढवून सांगितले होते. नोकरी मिळावी म्हणून त्याने हे केले असावे. त्याचे हे करणे बरोबर होते असे मी म्हणणार नाही. पण चरित्र सांगायला बसलो, की जे घडले ते सांगितले पाहिजे.

चिझिकची ही जमीन डेव्हनशायरचे सहावे ड्यूक यांच्या मालकीची होती. ड्यूक म्हणजे इंग्लंडमधील मोठा सरदार. या ड्यूकसाहेबांचा वाडा शेजारीच होता. ते बागेत फिरायला येत. कामात मग्न असलेल्या या तरुण माळ्याशी ते बोलू लागले. १८२६ मध्ये त्यांनी त्याला आपल्या चॅट्सवर्थ येथील हवेलीचा मुख्य माळी नेमले. तेव्हा जोसेफ अजून तेवीस वर्षांचाही झाला नव्हता.

चॅट्सवर्थला तो ज्या दिवशी पोहोचला, त्या दिवसाची हकीकत मोठी गमतीची आहे. लंडनहून रात्रभर घोडागाडीचा प्रवास करून तो पहाटे साडेचारला तेथे पोहोचला. दारे बंद होती. त्याने कोणालाही उठवले नाही. तो फाटक ओलांडून आत गेला, सगळी बाग पायी हिंडून पाहिली आणि भाजीबागेच्या भिंतीवरून उडी मारून तिकडेही डोकावला. सहा वाजता मजूर आले, तेव्हा त्यांना त्याने कामे वाटून दिली. मग तो हवेलीच्या व्यवस्थापक बाईंकडे न्याहारीला गेला. तेथे त्यांची भाची सारा बाऊन होती. न्याहारी संपेपर्यंत दोघांनी एकमेकांना पसंत केले होते. अजून नऊ वाजायचे होते! पुढच्याच वर्षी त्यांचे लग्न झाले. सारा हिशेबात हुशार होती. पुढे पती कामानिमित्त बाहेरगावी असत, तेव्हा चॅट्सवर्थचा सगळा कारभार तीच पाहत असे. पॅक्स्टन यांच्या यशात तिचा वाटा किती होता, हे पुष्कळांना माहीत नसते.

आता आपण काचेकडे वळू.

इंग्लंडचा हिवाळा फार कडक असतो. आपल्याकडची केळ, आंबा किंवा ऑर्किड तेथे उघड्यावर जगत नाहीत. त्या काळात युरोपातले श्रीमंत लोक दूरदूरच्या देशांतून झाडे मागवत. स्वतः ड्यूकसाहेबांनी १८३५ मध्ये जॉन गिब्सन नावाच्या आपल्या माळ्याला आपल्या देशात, कलकत्त्याला पाठवले होते. गिब्सन खासीच्या डोंगरांत हिंडला आणि १८३७ मध्ये रोपांच्या पेट्या घेऊन परत गेला. ही झाडे जगवायची तर त्यांना उबदार घर हवे. ऊब आत राहावी आणि ऊन मात्र आत यावे, असे घर तेव्हा फक्त काचेचेच होऊ शकत होते. अशा घराला काचगृह म्हणतात.

पण काच तेव्हा महाग होती. तिच्यावर सरकारी कर होता. तो १८४५ मध्ये उठला. शिवाय मोठी काच बनवणे अवघड होते. भट्टीतल्या वितळलेल्या काचेचा गोळा लांब नळीच्या टोकाला घेऊन कारागीर त्यात फुंकर मारी. गोळ्याचा फुगा होई आणि फुग्याचा लांबट नळकांड्यासारखा आकार होई. त्याची दोन्ही टोके कापत, मग तो उभा चिरत आणि पुन्हा तापवून सपाट पसरत. ही होती काच! म्हणजे काचेची लांबी माणसाच्या फुफ्फुसांच्या ताकदीवर आणि हातांच्या कसबावर अवलंबून होती. बर्मिंगहॅमजवळच्या चान्स बंधूंच्या कारखान्यात तीन फूट लांबीच्या काचा निघू लागल्या होत्या. पॅक्स्टन यांनी त्यांच्याकडे चार फुटांची मागणी केली. तीन फुटांपर्यंत आलात, तर आणखी एक फूट का जमणार नाही, असा त्यांचा आग्रह होता. आणि ते जमले.

हा एक फूट एवढा महत्त्वाचा का? कारण काच लहान असेल, तर एकीवर दुसरी ठेवून जोड द्यावा लागतो. जोड आला की पाणी झिरपते, धूळ साचते आणि थंडीत तेथे बर्फ धरून काच तडकते. एकच काच आढ्यापासून पन्हळीपर्यंत पोहोचली, तर मधला जोड राहतच नाही. आढे म्हणजे छपराचा सर्वांत वरचा कणा आणि पन्हळ म्हणजे पावसाचे पाणी वाहून नेणारी खोलगट वाट, हे तुम्हांला कौलारू घरांवरून माहीत असेलच.

पॅक्स्टन यांनी आपल्या काचगृहांचे छप्पर सपाट ठेवले नाही. कागदाची घडी उलटसुलट मोडली की ती जशी दिसते, तसे ते होते. एक आढे, मग एक पन्हळ, पुन्हा आढे, पुन्हा पन्हळ. ही कल्पना त्यांच्या आधी लाउडन नावाच्या उद्यानतज्ज्ञाने मांडली होती. पॅक्स्टन यांनी ती प्रत्यक्षात आणून पुष्कळ सुधारली. या घड्यांमुळे सकाळचे व संध्याकाळचे कोवळे ऊन काचेवर सरळ पडे आणि आत भरपूर येई. दुपारचे कडक ऊन मात्र काचेवर तिरपे पडे, म्हणून झाडे होरपळत नसत. काचा धरून ठेवण्यासाठी त्यांनी लोखंडाऐवजी लाकडाच्या सडपातळ पट्ट्या वापरल्या. त्या पट्ट्यांना दोन्ही बाजूंनी खाचा असत. खाचेत काच सरकवायची आणि पुट्टीने पक्की करायची. अशा पट्ट्या हजारोंनी लागणार, हे लक्षात घेऊन त्यांनी वाफेवर चालणारे पट्ट्या कापण्याचे यंत्र बनवले. त्यासाठी कला व उद्योग यांना उत्तेजन देणाऱ्या लंडनच्या एका मान्यवर संस्थेने १८४१ मध्ये त्यांना पदक दिले.

या सगळ्या अनुभवातून चॅट्सवर्थचे महाकाचगृह उभे राहिले. १८३६ मध्ये काम सुरू झाले आणि ते पुरे व्हायला चार वर्षांहून अधिक काळ लागला. वास्तुविशारद डेसिमस बर्टन यांचीही त्यात मदत झाली. हे काचगृह दोनशे फुटांहून अधिक लांब, १२३ फूट रुंद आणि ६७ फूट उंच होते. आत गाडीरस्ता होता. बॉयलर जमिनीखाली होते आणि त्यांना लागणारा कोळसा भुयारातून येई, म्हणजे बागेत कोठे काजळी दिसत नसे. १८४३ च्या डिसेंबरात व्हिक्टोरिया राणी तेथे आली, तेव्हा हजारो दिवे लावले होते आणि राणीची घोडागाडी काचेच्या छपराखालून फिरली होती.

१८४९ मध्ये आणखी एक गोष्ट घडली. दक्षिण अमेरिकेतील एक प्रचंड कमळ चॅट्सवर्थच्या काचगृहात फुलले. इंग्लंडमध्ये ते प्रथमच फुलत होते. त्याचे पान एवढे मोठे आणि बळकट होते, की पॅक्स्टन यांनी आपली सात वर्षांची मुलगी ॲनी हिला त्यावर उभे केले. पान बुडाले नाही. त्यांनी पान उलटे करून पाहिले. खाली जाड शिरा मध्यापासून कडेकडे गेल्या होत्या आणि त्यांना आडव्या पातळ शिरांनी जोडले होते. पातळ पान कसे पेलले जाते, हे त्यात दिसत होते. या कमळासाठी त्यांनी लगेच एक नवे काचगृह बांधले. त्याचे छप्पर सपाट मांडणीचे, आढे-पन्हळीचे होते. 

१८५० मध्ये लंडनच्या हाइड पार्क या बागेत सर्व जगातील वस्तूंचे एक महाप्रदर्शन भरवायचे ठरले. उद्घाटनाची तारीख होती १ मे १८५१. इमारतीसाठी दोनशेहून अधिक आराखडे आले; पण समितीला एकही पसंत पडला नाही. समितीने स्वतःच एक आराखडा केला. त्यात दीड कोटी विटा लागणार होत्या आणि वर लोखंडाचा अवाढव्य घुमट होता. लोक चिडले. प्रदर्शन संपल्यावर हा विटांचा डोंगर बागेतून हलवायचा कसा? आणि एवढ्या विटांचे काम वेळेत पुरे तरी होणार होते का?

पॅक्स्टन तेव्हा एका रेल्वे कंपनीचे संचालकही होते. ११ जून १८५० रोजी डर्बी गावी त्या कंपनीची सभा चालू होती. सभेत बसल्या बसल्या त्यांनी समोरच्या टीपकागदावर काहीतरी रेघोट्या ओढल्या. तीच त्या काचमहालाची पहिली आकृती. हा टीपकागद लंडनच्या एका संग्रहालयात जपून ठेवला आहे. (मित्रांनो, वर्गात वहीच्या मागच्या पानावर रेघोट्या ओढणाऱ्यांनी यावरून फार उत्तेजन घेऊ नये. पॅक्स्टन यांच्या त्या रेघोट्यांमागे वीस-पंचवीस वर्षांचे काम होते.) नऊ-दहा दिवसांत त्यांनी पुरे नकाशे तयार केले. खांब आणि तुळया किती वजन पेलतील याचे गणित त्यांनी रेल्वेचे इंजिनिअर बार्लो यांच्याकडून तपासून घेतले. आपल्याला जे येत नाही, ते ज्याला येते त्याला विचारण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही.

नकाशे घेऊन ते आगगाडीने लंडनला निघाले. गाडीत त्यांना प्रसिद्ध इंजिनिअर रॉबर्ट स्टीफन्सन भेटले. ते समितीचे सभासद होते. नकाशे पाहण्यात ते एवढे गुंग झाले, की त्यांच्या हातातली सिगार विझून गेली, तरी त्यांना कळले नाही. जुलैमध्ये चित्रे वर्तमानपत्रात छापून आली आणि लोकांनी ती उचलून धरली. समितीलाही शेवटी मान्यता द्यावी लागली. फॉक्स-हेंडरसन या कंपनीने बांधकामाचे कंत्राट घेतले. काच पुन्हा चान्स बंधूंचीच होती.

आता थोडे आकडे पाहा. इमारतीची लांबी १८४८ फूट आणि रुंदी ४०८ फूट. क्षेत्रफळ सुमारे १८ एकर. काचेची तावदाने सुमारे २ लाख ९३ हजार. आणि हातात वेळ किती? ३० जुलै १८५० रोजी जागा ताब्यात आली. पहिला खांब २६ सप्टेंबरला उभा राहिला. म्हणजे खांब उभे करण्यापासून रंग देण्यापर्यंतच्या सगळ्या कामाला अवघे सात महिने, आणि तेही ऐन हिवाळ्यात!

यावर पॅक्स्टन यांचा उपाय साधा होता. छपराचे प्रत्येक तावदान एकाच मापाचे ठेवायचे. लांबी ४९ इंच, रुंदी १० इंच. काचेची जाडी जेमतेम दोन मिलिमीटर. अशा एका तावदानाचे वजन सुमारे दीड किलो भरते. म्हणजे एक माणूस ते बसल्या जागी दोन्ही हातांनी सहज उचलू शकतो. दोन पन्हळींतले अंतर आठ फूट ठेवले होते, त्यामुळे एक तावदान आढ्यापासून पन्हळीपर्यंत नेमके पोहोचे. जागेवर काच कापण्याचा प्रश्नच येत नसे. कारागीर एकदा शिकला, की दुसरे, दहावे, शंभरावे तावदान त्याच रीतीने बसवी. लाकडी पट्ट्यांना रंगसुद्धा जमिनीवरच यंत्राने दिला जाई. पट्टी रंगाच्या हौदातून काढून ब्रशांमधून ओढली, की काम झाले. जे काम खाली होऊ शकते, ते वर करायचेच नाही.

पन्हळीची करामत तर याहून मोठी. तिला लोक पॅक्स्टन पन्हळ म्हणत. ती चोवीस फूट लांबीच्या लाकडाची होती आणि खालून लोखंडी सळईने ताणून किंचित कमानदार केलेली होती. वरच्या मोठ्या खोबणीतून पावसाचे पाणी वाहे. दोन्ही बाजूंच्या लहान खोबण्यांत काचेच्या आतल्या अंगाला जमणारे दवाचे थेंब उतरत. हे सगळे पाणी पोकळ लोखंडी खांबांतून जमिनीखाली जाई. म्हणजे तीच पन्हळ छपराचा आधारही होती आणि पाण्याची वाटही. आणि काच बसवण्याच्या वेळी तिचा तिसरा उपयोग झाला. ती रूळ झाली!

या कामासाठी कंत्राटदारांनी चाकांच्या चौकोनी गाड्या तयार केल्या होत्या. एका गाडीची चाके शेजारशेजारच्या दोन पन्हळींत बसत आणि गाडीचा तळ मधल्या आढ्यावरून जाई. वर कमानी ठोकून त्यांवर तंबूचे जाड कापड घातलेले होते, त्यामुळे पावसातही काम थांबत नसे. गाडीत काचेची पेटी, पुट्टी आणि लाकडी पट्ट्या ठेवलेल्या असत. खालून सामान वर ओढून घेण्यासाठी गाडीच्या मध्यभागी मोकळी जागा होती. काच बसवणारे कारागीर गाडीच्या कडेला बसत. हाताला मदत करायला पोरे असत. समोरच्या रिकाम्या जागेत पट्टी लावायची, काच खाचेत सरकवायची, पुट्टी भरायची आणि गाडी थोडी मागे ढकलायची. पुन्हा पट्टी, पुन्हा काच. गाडी नेहमी मागे मागे सरके, म्हणून बसवलेल्या काचेवर कोणाला पाय द्यावा लागत नसे. त्यांच्या शरीराचा भार काचेवर नव्हे, तर पन्हळीवर असे.

ही गोष्ट तुम्ही नीट ध्यानात घ्या, कारण ती आपल्या घराशीही संबंधित आहे. पावसाळ्याच्या तोंडावर आपल्या मोहल्ल्यात कोणी ना कोणी छपरावर चढतो. कोठे प्लॅस्टिक अंथरायचे असते, कोठे फुटका पत्रा बदलायचा असतो. सिमेंटचा जुना पत्रा वरून दगडासारखा मजबूत दिसतो. पण त्याच्या मधोमध पाय पडला, की तो कसलीही सूचना न देता फुटतो आणि माणूस थेट खालच्या फरशीवर येतो. लोखंड आधी वाकते, लाकूड आधी करकरते; काच आणि सिमेंटचा पत्रा मात्र आधी काहीच सांगत नाहीत. म्हणून जाणते कारागीर त्यावर मोकळा पाय ठेवत नाहीत. ते खालच्या दोन-तीन तुळयांवर भार जाईल अशी लांब फळी आडवी टाकतात आणि त्या फळीवरूनच काम करतात. हाइड पार्कमधली गाडी म्हणजे अशीच एक चालती फळी होती. आज मोठ्या इमारतींवर काचा बसवताना कमरेला पट्टा, खाली जाळी आणि काच उचलायला रबरी चूषक वापरतात. दोन काचांच्या मध्ये प्लॅस्टिकचा पातळ पडदा घातलेली काच छपराला लावतात, म्हणजे ती फुटली तरी तुकडे खाली कोसळत नाहीत. यांतले काहीच १८५० मध्ये नव्हते.

या गाड्यांमुळे सुमारे ऐंशी कारागिरांनी एका आठवड्यात अठरा हजारांहून अधिक तावदाने बसवली. एका कारागिराने तर एका दिवसात १०८ तावदाने बसवल्याची नोंद आहे. गाड्या केवळ मजुरांच्या काळजीपोटी बनवल्या होत्या, असे मात्र समजू नका. काम लवकर आणि स्वस्तात व्हावे, हाच मुख्य हेतू होता. त्याच हिवाळ्यात काच बसवणाऱ्यांनी मजुरी वाढवून मागितली आणि काम बंद केले. तेव्हा त्यांच्या पुढाऱ्यांना काढून टाकण्यात आले आणि बाकीचे जुन्याच मजुरीवर कामावर परतले. ज्याने एका दिवसात १०८ काचा लावल्या, त्याचे नाव मोठ्या पुस्तकांत सापडत नाही. पॅक्स्टन यांचे सापडते.

इमारत उभी राहत असताना शंका काढणारेही पुष्कळ होते. सिब्थॉर्प नावाचे एक खासदार तर आकाशातून गारा पडून हा काचेचा डोलारा फुटून जावा, अशी उघड इच्छा व्यक्त करत. वाऱ्याने तो पडेल, गर्दीच्या पावलांनी गॅलऱ्या हादरून कोसळतील, असे काहींना वाटे. म्हणून प्रदर्शनापूर्वी परीक्षा घेण्यात आली. सैनिकांना गॅलरीवर पाय आपटत चालायला लावले. जड तोफगोळे तेथून घरंगळत नेले. गॅलरी हलली नाही. छप्पर मात्र काही ठिकाणी गळत होते, हे सांगितले पाहिजे. लाखो तावदानांची पुट्टी कोठे ना कोठे कमी पडणारच. उन्हाचा ताप कमी व्हावा म्हणून छपरावर बाहेरून कापड ताणण्यात आले होते. बागेतली जुनी झाडे तोडू नयेत, अशी लोकांची मागणी होती. म्हणून मध्यभागी १०८ फूट उंचीची कमान करून ती झाडे तशीच इमारतीच्या आत ठेवली होती.

१ मे १८५१ रोजी ठरल्या दिवशी व्हिक्टोरिया राणीने प्रदर्शनाचे उद्घाटन केले. लोकांनी या इमारतीला क्रिस्टल पॅलेस म्हणजे स्फटिक महाल असे नाव दिले. उर्दूतला शीश महल हा शब्द तुम्हांला इथे आठवेल. ऑक्टोबरपर्यंत साठ लाखांहून अधिक वेळा लोक या छपराखालून गेले. खेड्यापाड्यांतले मजूर कमी भाड्याच्या खास आगगाड्यांनी येत. आपल्या देशातून नेलेला कोहिनूर हिराही तेथे मांडला होता. प्रदर्शनाला मोठा नफा झाला. त्याच वर्षी पॅक्स्टन यांना सर ही पदवी मिळाली. शेतकऱ्याचा सातवा मुलगा आता सर जोसेफ झाला होता.

प्रदर्शन संपल्यावर महाल खोलून काढण्यात आला. स्क्रू सोडवले, खांब उतरवले, काचा काढल्या आणि सगळे सामान लंडनच्या दक्षिणेला सिडनहॅम या टेकडीवर नेले. तेथे पॅक्स्टन यांच्याच देखरेखीखाली तो पुन्हा बांधला गेला. या वेळी तो अधिक मोठा आणि अधिक उंच करायचा होता. छप्पर सपाट मांडणीचे न ठेवता कमानीचे केले. उंची वाढली, तशी परांचीची उंचीही वाढली.

१५ ऑगस्ट १८५३ रोजी मधल्या उंच कमानीसाठी बांधलेली परांची कोसळली. बारा कामगार ठार झाले. हाइड पार्कमध्ये पन्हळीत फिरणारी गाडी होती. येथे माणसे उंच बांधलेल्या लाकडांवर उभी होती. काम थोडे दिवस मंदावले आणि पुन्हा सुरू झाले. १० जून १८५४ रोजी राणीच्या हस्ते नव्या महालाचे उद्घाटन झाले. त्या दिवशी वाद्ये वाजत होती, महाल पाहायला लोकांची झुंबड उडाली होती. चरित्रग्रंथांत या उद्घाटनाला पानेच्या पाने मिळतात आणि त्या बारा जणांना एखादी ओळ.

१८५४ मध्ये पॅक्स्टन कव्हेंट्री शहरातून पार्लमेंटवर निवडून आले. आपले जुने मालक आणि मित्र सहावे ड्यूक १८५८ मध्ये वारले, तेव्हा त्यांनी चॅट्सवर्थची नोकरी सोडली. ८ जून १८६५ रोजी सिडनहॅम येथे, आपल्या काचमहालाजवळच्या घरी, त्यांचे निधन झाले. चॅट्सवर्थशेजारच्या एडेन्सर गावातील कबरस्तानात त्यांना दफन केले आहे.

त्यांची काच फार काळ टिकली नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात महाकाचगृहाला कोळसा मिळाला नाही. आतली झाडे थंडीने मेली आणि १९२० मध्ये ते सुरुंग लावून पाडावे लागले. सिडनहॅमचा काचमहाल ३० नोव्हेंबर १९३६ च्या रात्री आगीत जळून गेला. त्याच्या ज्वाळा कित्येक मैलांवरून दिसत होत्या. चॅट्सवर्थला महाकाचगृहाच्या पायाच्या दगडी भिंती मात्र शिल्लक आहेत. त्या भिंतींच्या आत १९६२ मध्ये हिरव्या कुंपणांचा एक भुलभुलैया लावला आहे. सुट्टीच्या दिवशी मुले त्यात वाट शोधत धावतात आणि त्यांच्या डोक्यावर, जेथे पूर्वी ६७ फुटांवर काच होती, तेथे आता मोकळे आकाश असते.